पाऊण विद्या घरची

शाळेंतून निवृत्त झालेल्या शिक्षकास रस्त्यांत भेटणारी माणसें बहुधा दोनच प्रश्न विचारतात. पहिला प्रकृतीचा, त्याचें उत्तर ऐकण्यास कोणी थांबत नाहीं. दुसरा असा कीं, 'गुरुजी, मुलगा घरीं अभ्यास करीत नाहीं, याला काय करावें?' या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आम्ही पुष्कळ वर्षें मोठ्या ठसक्यानें देत होतों. वेळापत्रक करा, रोज दोन तास समोर बसवा, चुकला तर तेंच दहा वेळां लिहून घ्या, म्हणजे झालें, असें आम्ही सांगत असूं. आणि विचारणारे गृहस्थ समाधानानें घरीं जात. त्या घरांतील मुलाचें पुढें काय होत असेल, याची चौकशी आम्हीं कधीं केली नाहीं. ती करण्याचा प्रसंग आमच्याच घरीं आला. म्हणून या महिन्याचें हें पान थोडें आमच्याविषयीं लिहावें लागत आहे, त्याबद्दल वाचक क्षमा करतील अशी आशा आहे.

२०२० सालच्या मार्च महिन्यांत महामारीमुळें देशांतील शाळा बंद झाल्या, हें कोणी विसरलें नसेल. आमच्या एकत्र कुटुंबांत त्या वेळीं शाळेच्या वयाचीं दोन मुलें होतीं. थोरल्या चिरंजिवांचा मुलगा त्या जूनमध्यें पांचवींत गेला, व धाकट्यांची मुलगी पहिलींत. पहिलींत गेली म्हणजे तिचें नांव पटावर चढलें, एवढेंच. शाळेची पायरी तिनें पाहिली नाहीं. सकाळीं तास-दीड तास मोबाइलच्या पडद्यावरून शिक्षकांचा आवाज येई, मध्येंच तुटे, पुन्हां येई. चिरंजीव व सुना आपापल्या कचेरीचें काम घरूनच करीत होतीं. तेव्हां मुलांच्या अभ्यासाचा भार साहजिकच आमच्याकडे आला. खरें सांगावयाचें तर आम्हांस आनंदच झाला. निवृत्तीनंतर रिकामा पडलेला हात पुन्हां खडूसाठीं शिवशिवूं लागला. माजघरांत फळा लागला. दहा ते बारा गणित व मराठी, तीन ते चार संस्कृत, असें वेळापत्रक भिंतीवर चिकटलें. देवघरांतील घंटा आम्हीं शाळेची घंटा म्हणून वाजविली, यावरून आमच्या उत्साहाची कल्पना यावी.

पंधरा दिवस बरे गेले. पुढें अपूर्णांक आले. नातवानें पाटीवर अर्धा अधिक पाव यांची बेरीज दोन षष्ठांश अशी केली. वर एक आणि एक दोन, खालीं दोन आणि चार सहा. ही चूक आम्हीं नोकरींत शेंकडों वेळां पाहिली होती, व तिच्यावरील औषधहि आम्हांस पाठ होतें: आधीं छेद समान करा. नियम सांगितला, दहा उदाहरणें घालून दिलीं, तीं सुटलीं. दुसऱ्या दिवशीं अकरावें घातलें, तें पुन्हां चुकलें. असें चार दिवस चाललें. पांचव्या दिवशीं आमचा आवाज चढला. मुलगा कांहीं बोलला नाहीं. पाटी पुसून उठला. त्या रात्रीं आजीच्या कुशींत शिरून त्यानें विचारलें, 'आजी, आजोबा पूर्वीं गोष्ट सांगायचे, आतां नुसते प्रश्न विचारतात. त्यांच्या गोष्टी संपल्या का ग?'

सौभाग्यवतींनीं दुसऱ्या दिवशीं हें आम्हांस सांगितलें, तेव्हां थोरले चिरंजीव जवळच जेवत बसले होते. पस्तिशी ओलांडलेले ते गृहस्थ, आमच्यासमोर कधीं उणा शब्द बोललेले नाहींत. ते हळूच म्हणाले, 'अण्णा, मलाहि असेंच होत असे. पण मला विचारायचा धीर नव्हता.' एवढें बोलून ते हात धुण्यास उठले. त्यांस लहानपणीं आम्हींच शिकविलें होतें. परीक्षांत त्यांस गुण उत्तम पडत गेले. परंतु घरांतील पुस्तकांच्या कपाटाकडे ते पुढें कधीं वळले नाहींत, याचें आम्हांस नेहमीं नवल वाटत आलें होतें. त्या दुपारनंतर तें नवल उरलें नाहीं.

संस्कृतांत एक जुनें सुभाषित आहे. त्याचा आशय असा कीं, विद्येचा एक चतुर्थांश शिष्यास आचार्यापासून मिळतो, एक त्याच्या स्वतःच्या बुद्धीनें, एक बरोबर शिकणाऱ्यांकडून, आणि राहिलेला एक काळ जातां जातां. हें सुभाषित आम्ही दरवर्षीं जून महिन्यांत वर्गावर सांगत असूं, पण त्यांतला हिशेब आमच्या कधीं ध्यानांत आला नव्हता. शिक्षक कितीहि थोर असो, त्याच्या हातचें माप पाव. पाऊण माप त्याच्या हातचें नाहींच. मग घरानें काय करावें? घरहि दुसरा आचार्य होऊन तोच पाव पुन्हां वाढूं लागलें, तर मुलाचें ताट एकाच पदार्थानें भरतें, आणि बाकीचे तीन वाढावयास जागा राहत नाहीं. दिवसा शाळा, संध्याकाळीं शिकवणी, रात्रीं घरीं उजळणी, ही सारी त्या पहिल्याच पावाची पुनरावृत्ति होय. घराचें खरें काम उरलेली पाऊण विद्या. आमचें म्हणणें एवढेंच आहे. तें आम्ही कसें शिकलों तें पुढें सांगतों.

स्वतःच्या बुद्धीचा पाव आधीं घेऊं. आम्हीं आठ दिवस सुटी जाहीर केली होती. एके सकाळीं सौभाग्यवती शिरा करीत होत्या. आमच्या साखरेच्या डब्यांत एक लहान वाटी असते. अशा चार वाट्या घातल्या म्हणजे मोठी वाटी भरते. त्यांनीं नातवास सांगितलें, 'अर्धी वाटी साखर घाल रे, आणि वर पाव.' त्यानें लहान वाटीनें मोजून घातली: एक, दोन, तीन. 'आजी, हे तीन पाव झाले.' 'म्हणजेच पाऊण,' असें म्हणून त्या शिरा हलवूं लागल्या. आपण कांहीं शिकविलें, असें त्यांच्या मनांतहि नव्हतें. मुलगा मात्र तेथेंच घोटाळत राहिला, आणि थोड्या वेळानें आमच्याकडे येऊन म्हणाला, 'आजोबा, दोन षष्ठांश म्हणजे एक तृतीयांशच ना? मग तें तर अर्ध्याहूनहि कमी! अर्ध्या वाटींत आणखी पाव घातल्यावर साखर कमी कशी होईल? शिरा अगोड होईल!'

वाचकहो, छेद समान करण्याचा नियम आम्हीं त्यास पन्नास वेळां सांगितला असेल. परंतु आलेलें उत्तर संभवतें कीं नाहीं हें नुसतें त्याच्याकडे पाहून ताडतां येतें, ही गोष्ट एकदांहि सांगितली नव्हती. ती त्यास साखरेच्या डब्यानें सांगितली. नियम मग त्यानें आपण होऊन मागून घेतला, आणि आमच्या माहितीप्रमाणें तो पुन्हां विसरला नाहीं.

आमच्या लहानपणीं आजोळीं तिन्हीसांजेस शुभंकरोति झालें कीं परवचा म्हणावयाची रीत होती. पाढ्यांच्या पाठोपाठ पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. चाराची पावकी एक, निमकी दोन, पाऊणकी तीन, सवायकी पांच, दिडकी सहा. आणि साडेतिनाची ती औटकी, म्हणून आठाची औटकी अठ्ठावीस. ही कोष्टकें कोणी हौसेनें रचिलेलीं नव्हतीं. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, शेराचा अदशेर, पावशेर. अशा बाजारांत पावाअर्ध्याचा हिशेब तोंडीं येत नसेल तर माणूस फसावयाचा. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले, पुढें वजनेंमापेंहि दशमान झालीं, आणि परवचांतील तो भाग हळूहळू लोपला. तीं कोष्टकें परत आणा, असें आम्ही म्हणत नाहीं. तीं ज्या वाटींतून व ज्या ताजव्यांतून निघालीं, ती वाटी व तो ताजवा मुलाच्या हातीं द्या, इतकेंच म्हणतों. श्रावणांत सत्यनारायणाच्या प्रसादास सव्वाचें माप लागतें. त्या दिवशीं रवा, तूप, साखर मोजण्याचें काम आमच्या घरीं आतां मुलांकडेच असतें.

या पावाचें दुसरें पथ्य असें कीं, मुलानें विचारलें कीं लगेच उत्तर देऊं नये. शिक्षकास हें फार कठीण जातें. संकष्टीस आमच्याकडे चंद्रोदय पाहून जेवण होतें. पंचांगांत निरनिराळ्या गांवांच्या चंद्रोदयाच्या वेळा दिलेल्या असतात. नातवानें विचारलें, 'हें त्यांना आधींच कसें कळतें?' उत्तर आमच्या जिभेवर आलें होतें. तें गिळून आम्हीं म्हटलें, 'तूंच पाहा.' त्या वर्षीं कोजागरीपासून त्यानें गच्चीवर बसून रोज चंद्र समोरच्या घराच्या कौलांवर केव्हां येतो याची वेळ वहींत टिपली. एके दिवशीं ढग आले, एके दिवशीं झोप आली. तरी आठवड्याभरांत त्याच्या ध्यानांत आलें कीं चंद्र रोज सुमारें पाऊण तास, कधीं अधिक, मागें पडतो. सरासरीनें हें अंतर सुमारें पन्नास मिनिटांचें असतें. पौर्णिमेस सूर्यास्ताच्या सुमारास उगवणारा चंद्र चतुर्थीस आपल्याला एवढा उपाशी कां ठेवतो, हें त्यास कळलें.

मग त्यानें विचारलें, 'पण मागें कां पडतो?' चंद्राचीं वर्णनें आम्हांस काव्यांतून पुष्कळ पाठ. हें मात्र नीट सांगतां येईना. आम्हीं तसें कबूल केलें. 'आम्हांस ठाऊक नाहीं' हे शब्द मुलासमोर उच्चारण्याचा तो आमचा पहिलाच प्रसंग असावा. आम्ही दोघे मिळून पुस्तक काढून बसलों. नंतर अंगणांत खडूनें मोठें वर्तुळ काढून नातवास मध्यें पृथ्वी म्हणून उभें केलें, व धाकट्या नातीस चंद्र करून वर्तुळावर ठेविलें. पृथ्वीनें स्वतःभोंवतीं एक गिरकी पुरी करावी, तोंवर चंद्र आपल्या वाटेवर सुमारें तेरा अंश पुढें सरकलेला असतो; त्यास पुन्हां समोर पाहावयास पृथ्वीला आणखी थोडें वळावें लागतें, आणि त्या थोड्या वळण्यासच ती पन्नास मिनिटें लागतात. नात वर्तुळावर सावकाश चालत होती व नातू मान वळवून तिला गांठीत होता. हें आम्ही बासष्टाव्या वर्षीं शिकलों.

तिसरा पाव सोबत्यांचा. शाळा बंद पडल्या तेव्हां सर्वांत मोठें नुकसान या पावाचें झालें असावें. एकत्र कुटुंबास येथें जें अनुकूल आहे, तें विभक्त घरास सहज मिळत नाहीं. धाकटीस अक्षरें शिकविण्याचें काम आम्हीं नातवाकडे सोंपविलें, आणि आपण कान देऊन दूर बसलों. त्यानें पुस्तक घेतलेंच नाहीं. स्वयंपाकघरांतील डब्यांना चिठ्ठ्या लावण्याचा उद्योग काढला. 'रवा', 'डाळ', 'हळद', 'साखर' अशा चिठ्ठ्या ती काढी, तो तपासी. मेथीच्या डब्यावर महिनाभर 'मठी' असें लिहिलेलें होतें. आम्हीं तें खोडलें नाहीं, हा आमच्या स्वभावावर मोठाच विजय म्हणावयाचा. एके दिवशीं तिनें विचारलें, 'दादा, "चि" मधली वेलांटी आधीं लिहितात, मग ती आधीं म्हणत कां नाहींत?' इतकी वर्षें शिकवून हा प्रश्न आम्हांस कोणी विचारला नव्हता. त्यानें विचार करून सांगितलें, 'वेलांटी पाहुणी आहे. ती दारांत उभी राहते; पण नांव आधीं घरवाल्याचें घेतात.' व्याकरणांत हें बसणार नाहीं. पण तिची वेलांटी पुन्हां चुकली नाहीं, आणि समजावून सांगतां सांगतां त्याचेंहि शुद्धलेखन सुधारलें.

हा कांहीं नवा शोध नव्हे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासेस अनाथ मुलांच्या शाळेवर असलेले अँड्र्यू बेल यांनीं आपल्याकडील गांवठी शाळेंत वाळूवर बोटानें अक्षरें गिरविणारीं मुलें पाहिलीं, आणि थोरल्या मुलांकडून धाकट्यांस शिकविण्याची पद्धति आपल्या शाळेंत चालविली. १७९७ सालीं त्यांनीं लंडनांत त्यावर पुस्तक छापलें, व इंग्लंडांत ती मद्रास पद्धति म्हणून गाजली. आपल्या पंतोजींच्या शाळेंतील धूळपाटी तरी याहून वेगळी काय होती?

मात्र येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. शाळेचा पाव लहान आहे, असें कोणी समजूं नये. 'प्रथम' ही संस्था 'असर' या नांवानें ग्रामीण भागांत घरोघर जाऊन मुलांच्या वाचनाची पाहणी करते. २०१८ सालीं तिसरींतील शंभरांपैकीं सुमारें २७ मुलांस दुसरीच्या पुस्तकांतील उतारा वाचतां येत होता. २०२२ सालीं ती संख्या २०-२१ वर उतरली. २०२२ सालीं तिसरींत असलेलीं मुलें म्हणजे २०२० च्या जूनमध्यें पहिलींत नांव घातलेलीं, आमच्या नातीच्याच वयाचीं. २०२४ च्या पाहणींत संख्या पुन्हां २७ च्या आसपास आली. शाळा गेली कीं काय जातें, व उघडली कीं काय परत येतें, हें यावरून दिसतें. तरीहि शंभरांत सत्तावीस हा आकडा अभिमानाचा नव्हे. आणि बाकीच्या त्र्याहत्तरांस केवळ शाळेनें तारावें, असें म्हणणें म्हणजे पावानें पाऊण भरावयास सांगणें होय.

चौथा पाव काळाचा. हा देण्यास पैसा लागत नाहीं, म्हणूनच बहुधा कोणी देत नाहीं. आमच्या आजोबांनीं आमच्याकडून अमरकोशाचें पहिलें कांड पाठ करून घेतलें होतें. त्या वेळीं अर्थ कांहींच कळला नाहीं. पुढें विसाव्या वर्षीं काव्य वाचूं लागलों, तेव्हां ते शब्द जुन्या ओळखीच्या माणसांसारखे भेटत गेले. म्हणून पाठांतरास आम्ही सरसकट दोष देत नाहीं. आजोबांनीं तें ओटीवर झोपाळ्यावर बसून, आमच्या सुरांत सूर मिळवून करून घेतलें. मात्र त्याची परीक्षा कधीं घेतली नाहीं. आम्हीं पाठांतर तेवढें ठेविलें आणि झोपाळा काढून टाकिला, ही आमची चूक.

पंचतंत्राची हकीकत सर्वांस ठाऊक आहे. अमरशक्ति राजाचे तीन मुलगे मंदबुद्धि निघाले. व्याकरणालाच बारा वर्षें लागतात, मग पुढचीं शास्त्रें, असा हिशेब दरबारांत झाला. आणि वृद्ध विष्णुशर्म्यानें सहा महिन्यांत त्यांस शहाणें करण्याचें कबूल करून गोष्टी सांगण्यास आरंभ केला. ही हकीकत वर्गांत सांगून आम्ही लगेच धातुरूपें विचारीत असूं! नातवाचें तें वाक्य ऐकल्यापासून आम्हीं रात्रीं जेवणानंतर अर्धा तास मोठ्यानें वाचण्याचा परिपाठ सुरू केला. अट एकच: वाचून झाल्यावर प्रश्न विचारावयाचा नाहीं. तात्पर्य काय, अमुक शब्दाचा अर्थ काय, हें कांहीं नाहीं. रंग भरला असतां पुस्तक मिटावयाचें. दुसऱ्या दिवशीं दुपारीं मुलें तें पुस्तक चोरून उघडून पाहत. त्याकडे आम्ही काणाडोळा करीत असूं.

यावर आमच्या भगिनी व बंधू म्हणतील, 'गुरुजी, तुम्ही निवृत्त. आम्ही आठ वाजतां घर सोडतों, रात्रीं परततों. वेळ आणावा कोठून?' तक्रार खरी आहे. तरीहि घरांत मोठीं माणसें सहा असलीं, तर प्रत्येकाच्या वांट्यास आठवड्यांतून अर्धा तास येतो. सातवा दिवस मुलांनींच वाचावा. वाटी हातांत देण्यास निराळा वेळ लागत नाहीं, भाजीचा हिशेब मुलाकडून करविण्यास तर नाहींच नाहीं. अधिक वेळ द्या, असें आमचें मागणें नाहीं. जो वेळ सध्यां 'झाला का अभ्यास?' असें विचारण्यांत जातो, त्यांतलाच थोडा ऐकण्यांत घालवा. आणि मूल मोठ्यानें वाचीत असतां उच्चार सुधारण्यासाठीं दर ओळीस थांबवूं नका. चालत्या पोरास दर पावलास हात धरून कोणी थांबवितें काय?

या सर्वांचें फळ काय, असें कोणी विचारील. नातू आतां मोठ्या वर्गांत आहे. तो पहिला येतो असें नाहीं. नात वाचते, तीहि मनास येईल तेव्हां. परंतु एक गोष्ट सांगण्याजोगी घडली. त्या वर्षींच्या थंडींत एके रात्रीं वाचतां वाचतां आमचे डोळे चुरचुरूं लागले व आम्ही थांबलों. मुलें 'पुढें, पुढें' म्हणून ओरडूं लागलीं. थोरले चिरंजीव रोज कोपऱ्यांत मोबाइल घेऊन बसत; ऐकतात कीं नाहीं, तें आम्हांस समजत नसे. ते उठून आले, आणि म्हणाले, 'द्या अण्णा, मी वाचतों.' कोठें थांबलों होतों, तें दाखवावें लागलें नाहीं. त्यांस ठाऊक होतें. त्यांनीं दोन प्रकरणें वाचलीं. आम्ही डोळे मिटून ऐकत होतों. दोन-तीन ठिकाणीं उच्चार चुकले. आम्ही बोललों नाहीं.

असो. रस्त्यांत आतांहि कोणी विचारतें, 'गुरुजी, मुलगा अभ्यास करीत नाहीं, काय करावें?' आम्ही उलट विचारतों, 'घरीं त्याला रात्रीं कोणी वाचून दाखवितें काय?' गृहस्थ थोडे नाखूष होऊन जातात. वेळापत्रक सांगितलें असतें तर त्यांस अधिक बरें वाटलें असतें.